बिनआवाजाची गाडी

माणसाने स्वतःच्या पायावर उभं राहावं असं सगळेच सांगतात. स्वतःच्या विजेवर उभं राहावं असं मात्र कुणी सांगत नाही. कानसेनांना ते छप्पन्नाव्या वर्षी आपलं आपणच सुचलं, आणि सुचायला कारण झालं केस वाळवायचं एक यंत्र.

कानसेन हे सिनेमाचे ध्वनिमुद्रक. चित्रीकरण चालू असताना नटमंडळी जे बोलतात ते तिथल्या तिथे, जसंच्या तसं टिपून घ्यायचं, हा त्यांचा धंदा. तीन मजले खाली कुणी नळ सोडला तरी यांना ऐकू येई आणि यांचा हात वर होई, की झालं, सगळं थांबलं. त्यामुळे हे नाव पडलं. ते कौतुकाने पडलं होतं की वैतागाने, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही, आणि शहाण्या माणसाने ती करूही नये. त्यांचं सगळं सामान एका लोखंडी गाडीवर असे. चार चाकं, तीन फळ्या. वरच्या फळीवर रेकॉर्डर आणि मिक्सर, मधल्या फळीवर बिनतारी माइकांचे डबे, खाली वायरींची भेंडोळी आणि डोकेदुखीच्या गोळ्या.

या गाडीला वीज लागते, आणि चित्रीकरणाच्या जागेवर वीज ही लाइटवाल्याची मालमत्ता. तीस वर्षं कानसेन रोज सकाळी लाइटवाल्याकडे एक पॉइंट मागत आले होते, आणि लाइटवाला तो अशा चेहऱ्याने देई की जणू एक किडनी काढून देतोय. पण देई. मागच्या सिनेमात एका गच्चीवर नायकाचं रडणं चालू होतं. नायक जन्मात पहिल्यांदा मनापासून रडत होता. तेवढ्यात मेकअपवाल्या बाईंना नायिकेचे केस वाळवायचे होते. लाइटवाल्याने हाताशी आला तो प्लग उपटला आणि तिथे केसांचं यंत्र लावलं. तो प्लग कानसेनांचा होता. नायकाचं रडणं अर्ध्यावर कापलं गेलं आणि नायिकेचे केस मात्र उत्तम वाळले.

कानसेन तणतणत गेले, तर तिथला दिग्दर्शक म्हणाला, "असू दे हो. डबिंगला घेऊ."

डबिंग म्हणजे नंतर एका बंद खोलीत नटाला बसवून, पडद्यावर स्वतःचेच ओठ बघायला लावून, तेच वाक्य पुन्हा म्हणवून घ्यायचं. माणूस श्रुतलेखन सांगितल्यासारखा बोलतो. आणि मूळ जागी उन्हात बसलेल्या ध्वनिमुद्रकाने तिथे नेमकं काय केलं, तर काही नाही. ते 'असू दे' कानसेनांना फार लागलं. शिवी दिली असती तर बरं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानसेन म्हणाले, "आपण आपली वीज घेऊन जायची."

बायको शाळेत गणित शिकवते. पेपरांचा गठ्ठा तपासत होती. "कुठे?"

"कामावर."

"लोक डबा घेऊन जातात," ती म्हणाली आणि कुणाचे तरी दोन गुण कापले.

आता बॅटरी घ्यायची म्हणजे दुकानात जायचं आणि घ्यायची. इतकं सोपं काम कानसेनांनी परस्पर केलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ते जिन्यात वरच्या मजल्यावरच्या व्होल्टकाकांना बोलून बसले. व्होल्टकाका वीज खात्यातून निवृत्त झाले होते. नोकरीत असताना ते वीज देत की नाही ठाऊक नाही, निवृत्तीनंतर सल्ला मात्र अखंड देत. त्याचं भारनियमन कधी होत नसे.

"आयुष्यात दोन गोष्टींवर विश्वास ठेवायचा नाही," व्होल्टकाका म्हणाले. "जावई आणि अर्थिंग. तुम्ही सरळ इन्व्हर्टरची मोठी बॅटरी घ्या. मरत नाही ती."

मरत नाही हे खरं होतं. ती हलतही नव्हती. दोघा हमालांनी ती घरात आणून गाडीच्या खालच्या फळीवर ठेवली, आणि गाडीची पुढची दोन चाकं फाकली. वेल्डरकडे नेली तर तो म्हणाला, चाकं मोठी लावू. मोठी चाकं लावली तर गाडी उंच झाली आणि रेकॉर्डर कानसेनांच्या हनुवटीला आला. खुर्ची उंच केली तर पाय लोंबकळू लागले. पाय टेकायला पट्टी जोडली, तर गाडी लिफ्टमध्ये मावेना. कानसेनांनी गाडी तिरपी करून घातली, तेव्हा लिफ्टने दोन मजल्यांच्या मध्ये थांबून त्यांना पाऊण तास विचार करायला दिला. बाहेर दाराशी व्होल्टकाका उभे राहून "घाबरू नका, हा ओव्हरलोड आहे" असा धीर देत होते.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली. सेक्रेटरी हे मनाने वाईट नव्हते, फक्त लेखी होते. त्यांना तोंडी सांगितलेलं ऐकूच येत नसे. 'काही सभासद लिफ्टमधून औद्योगिक स्वरूपाची वाहतूक करतात.' कानसेन खुलासा करायला गेले, तर त्यांनी तीन प्रतींत अर्ज मागितला. बॅटरीत आम्ल आहे काय, असल्यास किती, ती कोणत्या खोलीत झोपते (हा शब्द खरोखर अर्जात होता, बहुधा 'ठेवली जाते'ऐवजी पडला असावा), आणि शेजारच्यांची हरकत आहे काय. शेजारच्यांना विचारेपर्यंत कुणाची हरकत नव्हती. विचारल्यावर सगळ्यांना आम्लाचा वास यायला लागला. खालच्या आजींना तर दोन वर्षांपूर्वीचा खोकलाही या बॅटरीमुळेच झाल्याचं आठवलं.

शेवटी जड बॅटरी गेली. कशी गेली ते विचारू नये, हमालांनी पुन्हा तोंड दाखवलं नाही. तिच्या जागी एक नवी, हलकी, डब्याएवढी लिथियमची बॅटरी आली. ती विकणारा मेकॅनिक बारीक आवाजाचा, सावध माणूस होता.

"हिचं एक लक्षात ठेवा साहेब," तो म्हणाला. "जुन्या बॅटऱ्या हळूहळू सुकतात, मीटरवर कळतं. ही शेवटपर्यंत टवटवीत दिसते आणि एकदम मान टाकते. म्हणून हिला ही शिट्टी दिलीय. संपायच्या दहा मिनिटं आधी वाजते."

"कशी वाजते?"

मेकॅनिकने वाजवून दाखवली. कानसेनांचा हात आपोआप वर गेला.

"काढून टाका," ते म्हणाले.

"साहेब, शिट्टी म्हणजे हिचा जीव आहे."

"टेकमध्ये वाजली तर माझा जाईल."

मेकॅनिकने दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा मान हलवली आणि तार कापली. ऐन संवादात वाजणारी शिट्टी कुठला ध्वनिमुद्रक ठेवेल? दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या माणसाने ती ठेवली असती. मग चार्जर बघितला, तर त्याला पंखा. पंखा भुर्र करतो. बिनपंख्याचा चार्जर शोधायला आठवडा गेला. त्यावर एक हिरवा दिवा होता, चार्जरला वीज मिळाली की लागणारा. पहिल्याच कामात तो दिवा मागच्या काचेत दिसला आणि कॅमेरावाला ओरडला, म्हणून कानसेनांनी त्यावर काळी पट्टी चिकटवली. आता गाडी परिपूर्ण झाली. ती दिसत नव्हती, वाजत नव्हती आणि कुणाकडे काही मागत नव्हती. कानसेन तिच्याकडे बघत बसत. बायको म्हणाली, "इतकी गुणी आहे तर तिलाच पेपर तपासायला बसवा."

आणि अशात बाईंचा सिनेमा आला.

बाई म्हणजे पन्नास वर्षं रंगभूमीवर आणि पडद्यावर काम केलेल्या. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत, आणि कुठल्या बाई असं कुणी विचारत नसे. त्यांच्या घशात गाठ निघाली होती. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला होता, सोमवार. डॉक्टर म्हणाले होते, जिवाला धोका नाही, आवाजाचं सांगता येत नाही. त्याआधी एक छोटा सिनेमा पुरा करायचा होता. दिग्दर्शिका तरुण होती, पहिलाच सिनेमा, सारखी नखं खायची. तिने कानसेनांना फोन केला.

"बाईंची करारात एकच अट आहे, सर. आवाज त्यांचाच. नंतर दुसरीचा आवाज लावायचा नाही, काहीही झालं तरी. आणि आवाज तुम्ही घेणार असाल तरच करीन म्हणाल्या."

कानसेनांनी फोन ठेवला आणि बराच वेळ गाडीच्या वायरी पुसत बसले. तीस वर्षांत त्यांना कुणी मागून घेतलं नव्हतं. त्यांचा आवाज थोडा कापरा झाला होता, पण तो टिपायला तिथे कुणी नव्हतं.

शेवटचा दिवस गुरुवार होता. जागा म्हणजे एका जुन्या इमारतीतलं चौथ्या मजल्यावरचं खरंखुरं राहतं घर. घरमालक दोन दिवस बहिणीकडे गेले होते. इमारतीच्या व्यवस्थापकाने गाडीसाठी एक फॉर्म भरून घेतला. यंत्राचा प्रकार, वजन, ज्वलनशील आहे काय. शेवटचा रकाना होता, 'यंत्रापासून होणारा आवाज'. कानसेनांनी तिथे 'शून्य' लिहिलं आणि खाली सही जरा मोठी केली.

वर गेल्या गेल्या त्यांनी घर ऐकलं. आपण घर बघतो, ते घर ऐकतात. फ्रिज गुरगुरत होता. पाण्याचं यंत्र उसासे टाकत होतं. दाराच्या घंटीचा छोटा डबाही, कान लावला तर, कण्हत होता. एकेक बंद करत बसण्यापेक्षा कानसेनांनी सरळ घराचा मेन स्विच पाडला. दिव्यांचा प्रश्न नव्हता. ते खालच्या गल्लीतल्या जनरेटरवर होते, त्यांची केबल खिडकीतून वर आली होती. मेन स्विचवर त्यांनी कागद चिकटवला: 'हात लावू नये. ध्वनी विभाग.' मग खिशातली स्कूटरची किल्ली काढून फ्रिजमध्ये ठेवली. ही या धंद्यातली जुनी युक्ती. फ्रिज बंद केला की किल्ली त्यात ठेवायची, म्हणजे घरी जाताना फ्रिज पुन्हा चालू करायची आठवण राहते. युक्ती चांगली आहे. खोट एवढीच, की ती घरी जाताना आठवण करून देते, जेवणाच्या सुट्टीत नाही.

लाइटवाला तोच होता, गच्चीवरचा. तो केबल गुंडाळत आला. "कानसेन, जनरेटरची एक लाइन सोडू का इकडे? असू द्या जवळ."

"नको," कानसेन म्हणाले. "आमचं आम्ही आणलंय."

सकाळभर काम झकास झालं. दुपारी एकला जेवायची सुट्टी झाली. कानसेनांनी बॅटरी काढली, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चार्जरला लावली, चार्जर भिंतीतल्या पॉइंटला लावला, बटण खाली केलं. पॉइंट मेलेला होता. तो सकाळी त्यांनीच मारला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. हिरवा दिवा लागला नाही हे दिसायला दिवा दिसायला हवा होता, आणि दिव्यावर पट्टी होती. सगळं युनिट घामाने निथळत जिन्यात बसून जेवलं, कारण घरात पंखा लावायचा तर मेन स्विच वर करावा लागला असता आणि तिथे कानसेनांचा कागद होता. एवढ्या पंचवीस माणसांत एकालाही तो कागद काढायची छाती झाली नाही. तीस वर्षांत कानसेनांचा दरारा इतका कधी नव्हता.

चारला बाईंचा प्रसंग होता. मुलगा खोलीत दार लावून बसलाय, कितीतरी दिवस. आई दाराबाहेरून बोलते. समोर नट नाही, नुसतं दार. दोन पानी भाषण. आदल्या दिवशीच डॉक्टरने बाईंना बोलणं कमी करा सांगितलं होतं, म्हणून तालीम त्यांनी ओठांनीच केली.

मग त्या कानसेनांकडे आल्या. "एकदाच होईल," त्या हळू म्हणाल्या. "दुसऱ्यांदा काय निघेल, मला सांगता येत नाही. तुमचं तयार आहे ना?"

"आहे, बाई."

"मग मला काळजी नाही."

सगळे आपापल्या जागी गेले. दिग्दर्शिकेने नखं खायचं थांबवलं. बूमवाल्याने माइकची लांब दांडी बाईंच्या डोक्यावर धरली. कानसेनांनी हेडफोन चढवले, रेकॉर्डर सुरू केला, अंगठा दाखवला. घर इतकं शांत होतं की त्यांना बाईंच्या बांगडीने बाहीला घासलेलं ऐकू येत होतं.

बाई बोलायला लागल्या. पानावर लिहिलं होतं तसंच, शब्दन्‌शब्द. दीड मिनिट. "मी तुला काही विचारणार नाही," त्या म्हणाल्या, आणि त्या वाक्यानंतर कानसेनांच्या कानात काहीच उरलं नाही. सुरुवातीला त्यांना वाटलं बाई थांबल्यात. मग त्यांना बाईंचे ओठ हलताना दिसले. त्यांनी रेकॉर्डरकडे बघितलं. पडदा काळा होता. मिक्सरवरचे दिवे गेले होते. बॅटरीने मेकॅनिकने सांगितलं होतं तशी मान टाकली होती, आणि चकार शब्द काढला नव्हता, कारण शब्द काढायची सोय कानसेनांनी ठेवली नव्हती.

कानसेनांचा हात उठायला हवा होता. या हाताने जन्मभर कबुतरांसाठी, हॉर्नसाठी, दूरच्या कुकरच्या शिट्टीसाठी चांगले चांगले टेक थांबवले होते. तो मांडीवर पडून राहिला. आता थांबवावं, तर बाईंचा आवाज पुन्हा लागणार नाही. न थांबवावं, तर जातंय ते जातंय. पुढे आड मागे विहीर म्हणतात, ती त्यांच्या गाडीच्या दोन्ही बाजूंना होती. त्यांना भयंकर भीती वाटली. बंद पडलेल्या हेडफोनमधून बाईंचा आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा दबका येत होता. त्यांनी एक कान मोकळा केला.

बाईंनी पान सोडलं होतं. लिहिलेलं दीड मिनिटात बाजूला ठेवून त्या आपल्या मनाने बोलत होत्या. खोलीत कुणी हलत नव्हतं. दिग्दर्शिका तोंडावर हात दाबून रडत होती. लाइटवाला भिंतीकडे तोंड करून उभा होता. कानसेन ऐकत होते. तीस वर्षांत ते पहिल्यांदा काहीतरी तारेतून न येता ऐकत होते, आणि तेच नेमकं हातून चाललं होतं.

"कट," दिग्दर्शिका म्हणाली. तिला नीट म्हणवत नव्हतं. मग, रिवाजाप्रमाणे, "साउंड?"

पंचवीस माणसं वळून बघायला लागली. 'ओके' म्हटलं असतं तर सोमवारपर्यंत कुणाला कळलं नसतं. हा विचार कानसेनांच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि चांगला दोन श्वास थांबला.

"गेलं," ते म्हणाले. "दीड मिनिटानंतर काही नाही. माझी बॅटरी गेली."

ज्या शांततेसाठी ते जन्मभर लोकांवर डाफरले होते, ती त्यांना आता फुकट मिळाली होती. लाइटवाला जिन्यावरून पळत खाली गेला आणि तीन मिनिटांत जनरेटरची लाइन घेऊन वर आला. गाडीशी गुडघे टेकून बसला, प्लग स्वतःच्या हाताने लावला. चेहरा किडनी दिल्यासारखा नव्हता. तो नेहमीचा चेहरा असता तर कानसेनांना जरा आधार वाटला असता.

"घ्या पुन्हा," बाई म्हणाल्या. पण ते म्हणतानाच आवाज फाटला. पाणी प्यायल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. पहिलं वाक्य आलं. दुसरं अर्धं आलं. तिसऱ्याला नुसती हवा आली. त्यांनी दाराला हात टेकला आणि मान हलवली.

निघताना त्या गाडीपाशी थांबल्या. कानसेन उठून उभे राहिले. त्यांना क्षमा मागायची होती.

"आता उरलंय ते डॉक्टरला दाखवायला ठेवते," बाई कुजबुजल्या आणि जिना उतरल्या.

संध्याकाळी कानसेनांनी फ्रिज उघडला. आत घरमालकांचं दूध नासलं होतं आणि स्कूटरची किल्ली कोमट झाली होती. त्यांनी मेन स्विच वर केला. स्वयंपाकघरात चार्जर अजून भिंतीला लावलेला होता. त्यांनी काळी पट्टी सोलली. खाली हिरवा दिवा लागलेला होता.

सोमवारी शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला. आवाज वाचला नाही.

दिग्दर्शिका करार मोडणारी नव्हती. दुसरीचा आवाज लावायचा नाही म्हणजे नाही. मग तिने काय केलं, तर दीड मिनिट बाईंचा आवाज ठेवला, आणि 'मी तुला काही विचारणार नाही' यानंतर पडदाभर शांतता. बाईंचे ओठ हलतायत आणि ऐकू काही येत नाही. सिनेमा लागला तेव्हा जाणत्या लोकांनी माना डोलावल्या. मौनाचा इतका धाडसी वापर आजवर झालेला नाही असं छापून आलं. आईचे शब्द दारापलीकडे पोचत नाहीत, असा त्याचा अर्थ निघाला. एकाने तर त्यावर मोठा लेख लिहिला. आणि वर्षअखेरीस परीक्षकांनी एकमताने उत्कृष्ट ध्वनिमुद्रणाचं मानचिन्ह कानसेनांना दिलं.

ते त्यांना नको होतं. पण घ्यायला गेले नाहीत तर कारण सांगावं लागेल, म्हणून गेले. व्होल्टकाकांनी मिठाई मागितली आणि बॅटरीचा सल्ला मूळचा आपलाच, याची आठवण करून दिली. सेक्रेटरींनी फलकावर लेखी अभिनंदन लावलं. बायकोने मानचिन्ह हातात घेऊन पाहिलं.

"हे तुमच्याकडे नको," ती म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "जा, देऊन या त्यांना."

बाई बहिणीकडे राहत होत्या. दुसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत. बहिणीने दार उघडलं आणि चहा टाकायला गेली. बाई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर वही आणि पेन्सिल. बारीक झाल्या होत्या. कानसेनांनी मानचिन्ह टेबलावर ठेवलं. "हे तुमचं आहे," ते म्हणाले, "आणि माझं चुकलं, बाई." नऊ महिने घोळवलेलं वाक्य इतकंच निघालं.

बाईंनी मानचिन्हाकडे बघितलंही नाही. वहीत लिहिलं आणि वही पुढे केली.

'त्या दिवशी पान सोडल्यावर मी काय बोलले?'

कानसेनांनी वर बघितलं. बाईंनी वही ओढून पुढे लिहिलं. 'मला आठवत नाही. अंगात आलं होतं. दिग्दर्शिका एक सांगते, कॅमेरावाला दुसरंच. दोघंही रडत होते, त्यांनी काय ऐकलं असणार? तुम्ही ऐकलंत का?'

"ऐकलं," कानसेन म्हणाले.

'सगळं?'

"सगळं."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

कानसेनांनी आयुष्यात कुणासमोर दोन वाक्यं नीट म्हटली नव्हती. त्यांचा सगळा जन्म दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्यात गेला होता. त्यांनी घसा खाकरला, खिडकीबाहेर एक मोटार जाऊ दिली, आणि म्हणायला लागले.

"उघडू नकोस. तुला वाटतंय मी बाहेर बोलवायला आलेय. नाही आले. जेवण झाकून ठेवलंय, गार झालं तरी चालतं ते. मी खुर्ची आणलीय, इथेच बसते. तू बोलू नकोस. नुसतं आतून एकदा खोक. म्हणजे मला कळेल, आहेस. मग मी जाईन भांडी घासायला."

त्यांना वाटलं होतं तसं ते वाईट झालं. आवाज मध्येच चिरकला, आणि शेवटचं वाक्य त्यांना घाईने पुरं करावं लागलं. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. चहा घेऊन आलेली बहीण दारातच थांबली होती.

बाईंनी डोळे उघडले, वही घेतली आणि भराभर लिहिलं.

'"आहेस"नंतर मी थांबले असणार.'

"नव्हतात थांबला," कानसेन म्हणाले.

'तिथे कुणीही थांबेल. मी पन्नास वर्षं हेच काम केलंय.'

"बाई, तुम्ही थांबला नव्हतात. सरळ 'मग मी जाईन' वर गेलात, एका श्वासात. मी तिथे होतो."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. ओठ हलले, पण त्यातून काही आलं नाही. मग त्यांनी पेन्सिल उचलली आणि कागदावर एकच शब्द लिहिला. पुन्हा.

कानसेनांनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.